पन्नासपैकी अकरा

आमच्या शेजारच्या माधुरीच्या वडिलांनी जगातली एकही गोष्ट गुण दिल्यावाचून सोडली नाही. वर्ध्याकडच्या एका गावात अडतीस वर्षं शाळा सांभाळून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि पत्नी गेल्यावर लेकीकडे कॅनडात मिसिसागाला आले, पण खिशातलं लाल पेन काही उतरलं नाही. आमच्या घरांच्या ओळीतले सगळे त्यांना हेडसर म्हणत. हिवाळ्यात माकडटोपीवर जॅकेटचं हूड चढवून ते सकाळी फिरायला निघत, आणि कोणी आपल्या ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने कसं काढलंय ते तपासत. "तुमचे दहापैकी सहा," ते मला म्हणाले होते. "मधलं बरं आहे, कडा सोडल्या. पेपर घाईत सोडवता तुम्ही." माधुरीच्या पुरणपोळीला त्यांनी भरल्या पंगतीत पस्तीस गुण दिले, तेही काठावर पास म्हणून. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईंना एकदा शून्य दिलं होतं. त्यांनी सांगितलेलं वादळ एक दिवस उशिरा आलं, तेव्हा फेरतपासणी करून बारा केले.

अशा माणसाला नातीच्या शाळेत कोणी नापास होत नाही हे कळलं तो दिवस मला चांगला आठवतो. जूनमधला शाळेचा शेवटचा दिवस. हेडसर इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा डबा घेऊन नातीला आणायला गेले. बाईंना विचारलं, "रिझल्ट?" बाई गोड हसून म्हणाल्या, "दे आर ऑल गोइंग टू ग्रेड फोर!" हेडसरांनी पुन्हा विचारलं, "ऑल?" बाई म्हणाल्या, "एव्हरीवन!" डबा तसाच काखोटीला मारून, नातीचा हात धरून ते परत निघाले. कोपऱ्यावर मी भेटलो तर मलाच जाब विचारल्यासारखे म्हणाले, "निकालच लागत नाही, तर पेढे काहून वाटायचे हो?" मग तिथल्याच बाकावर बसून आम्ही तिघांनी निम्मा डबा संपवला.

शाळा परीक्षा घेत नाही म्हटल्यावर त्यांनी ती माधुरीच्या बेसमेंटमध्ये सुरू केली. टेबल टेनिसच्या टेबलावर खडूने बैठक क्रमांक घातलेले. घंटा म्हणून स्टीलची थाळी आणि उलथनं. उत्तरपत्रिकेला डावीकडे समास हवा, पुरवणी दोऱ्यानेच बांधायची. ओळीतली सात-आठ मराठी पोरं जमत, आणि गंमत म्हणजे त्यांना ते सगळं भारी आवडे. माझी मुलगी तर पहिलं पान अर्धं कोरं असतानाच हात वर करायची, "आजोबा, कॅन आय गेट अ पुरवणी?" तिला दोऱ्याची गाठ मारायला आवडायचं.

तेव्हा ती पाचवीत होती. तिला इमारती बांधायच्या होत्या. घरभर खोक्यांचे टॉवर उभे असायचे. शाळेचं प्रगतिपुस्तक यायचं, त्यात बाईंनी लिहिलेलं असायचं की ही वर्गात असणं म्हणजे आनंद आहे, आणि गणितात तिला प्रयत्न करायला प्रोत्साहन द्यावं. आम्ही इंजिनियर माणसं, पण हे वाचून मी खुशाल फर्स्ट क्लास धरून सही करायचो. हेडसरांनी मात्र ते चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचलं. "अहो, हा तर स्वभावाचा दाखला झाला," ते म्हणाले. "गणिताचं काय?"

गणिताचं काय ते डिसेंबरच्या निकालात कळलं. हेडसर निकाल मोठ्याने वाचत, चहाचे कप घेऊन बसलेल्या आईबापांसमोर. माझ्या मुलीला पन्नासपैकी अकरा. नापास. तिने खांदे उडवले आणि चिवड्याकडे वळली. मीच लालबुंद झालो.

"हेडसर, इथे कोणी नापास होत नसतं," मी म्हणालो.

"मग पासही कोणी होत नसेल," ते शांतपणे म्हणाले. "पोट्टी हुशार आहे. फक्त अपूर्णांक अजिबात कळलेले नाहीत, आणि ते तिला कोणी सांगितलेलं नाही. माझ्याकडे नापास म्हणजे पुन्हा या. शनिवारी फेरपरीक्षा ठेवतो."

शनिवारी आम्ही गेलो नाही. दहा वाजता ते स्वतःच बर्फाचे बूट घालून दारात उभे. मी सांगितलं, शनिवारी तिचं स्विमिंग असतं. ती साफ थाप होती. ती उघडी पडू नये म्हणून सोमवारी मी तिला खरोखरच स्विमिंगच्या क्लासात घातलं. पुढे माधुरीकडून कळलं की हेडसर चार शनिवार टेबलावर तिचा एकटीचा पेपर मांडून बसले होते. मला तेव्हा त्यांचा राग आला, काय हा हट्ट म्हणून! आज विचार केला की माझीच लाज वाटते.

दोन वर्षांनी थंडी गुडघ्यांना सोसेना म्हणून ते पुतण्याकडे गावी परत गेले. निरोपाला मी ऑफिसातून उशिरा पोचलो. उशिरा पोचायचं असं मी ठरवलंच होतं.

मुलगी दर जूनमध्ये वरच्या वर्गात जात राहिली. हायस्कूलच्या पहिल्याच वर्षी, नववीत, गणिताच्या सरांनी आम्हाला बोलावलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की ती तीन-चार वर्षं मागे आहे, तिला सोपं गणित घ्यावं लागेल, आणि त्या गणितावर आर्किटेक्टच्या कोर्सला प्रवेश मिळत नाही. परतताना गाडीत ती रडत म्हणाली, "बाबा, व्हाय डिडन्ट एनीबडी टेल मी?" शाळेने तिला मागे ठेवलं नाही, यात मला आजही चूक दिसत नाही. नापासाचा शिक्का घेऊन पोरं कशी कोमेजतात ते मी आमच्या शाळेत पाहिलंय. पण तिला सांगणारा एक माणूस होता, आणि त्याच्या तोंडावर दार मी लावलं होतं.

फोन करायलाही मी वर्ष लावलं. एका रविवारी सकाळी एकदाचा केला. हेडसरांना आता जवळजवळ ऐकू येत नव्हतं. कोणाचा फोन आहे ते पुतण्याने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"पोट्टी कितवीत आहे?" त्यांनी विचारलं.

"दहावीत!"

"अपूर्णांक येतात ना आता?"

मी मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. "हेडसर, चुकलं माझं!" मी ओरडलो.

"हं? काय म्हणता?"

पुन्हा ओरडलो, पुन्हा "हं?" माफी ओरडून मागता येत नाही हो. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून निघालं, "येतात! येतात!"

"शाबास!" त्यांचा आवाज एकदम उजळला. "मग फेरपरीक्षा नको. पास करून टाकतो."

परीक्षा न घेता हेडसरांनी आयुष्यात कोणाला पास केलं असेल, तर ते त्या दिवशी. फोन ठेवून वळलो तर जेवणाच्या टेबलाशी मुलगी सहावीचं गणिताचं पुस्तक उघडून बसलेली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तेवढं मराठी तिला येतं. खाली मान घालून ती पुढचं गणित सोडवू लागली.