अक्षताचा बॅकहँड

बायकोपासून लपवलेल्या गोष्टी माझ्याकडे फारशा नाहीत. लपवावं असं आयुष्यात काही घडलंच नाही. म्हसळ्याच्या बाजूला एका शाळेत पी.टी.चा मास्तर, संध्याकाळी पोरांना टेनिस शिकवणारा — यात लपवण्यासारखं काय असणार? पण एक आहे. ती बायकोला ठाऊक नाही, शाळेत कोणाला ठाऊक नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यावरूनच माझी लायकी तुमच्या लक्षात यावी. नावं बदलली आहेत, तेवढी हुशारी अजून शिल्लक आहे.

माझं लहानपण न्हावा शेव्याला गेलं. वडील बंदरात कारकून होते, वसाहतीत एक टेनिस कोर्ट होतं, तिथे मी शिकलो. जिल्ह्यापर्यंत खेळलो आणि थांबलो. गुडघा दुखावला, असं मी सगळ्यांना सांगतो. गुडघा दुखावला होता, खोटं नाही — पण मी थांबलो त्याचं कारण गुडघा नव्हता. समोरची पोरं माझ्यापेक्षा चांगली होती. एवढंच. मग पी.टी.ची पदविका, नोकरी, आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला लाल माती पसरून मीच केलेलं एक कोर्ट. म्हसळ्यात टेनिस! लोक हसायचे. हेडमास्तर म्हणायचे, सर, कबड्डी घ्या की.

त्या कोर्टावर पाचवीतली अक्षता आली. आतल्या बाजूच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली. वडील मुंबईत कंपनीत, गणपती आणि शिमग्याला यायचे; शेत, गुरं, पोरं सगळं आईकडे. या मुलीला चेंडू कुठे पडणार ते आधी कळायचं. हे शिकवता येत नाही हो. बाकीची पोरं चेंडूमागे धावायची, ही चेंडूच्या आधी तिथे उभी असायची. आणि तिचा बॅकहँड — दोन्ही हातांनी, कडेच्या रेषेलगत सरळ. तो मी तिला शिकवला असं मी सगळीकडे सांगायचो. मी फक्त बघत होतो. तिला तो येतच होता.

तालुक्यात लोक मला ‘अक्षताचे सर’ म्हणायला लागले. मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे तेव्हा माझं मलाही माहीत नव्हतं.

आता लाल मातीच्या कोर्टाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलांच्या सामन्यांना पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्यानेच सांगायचं, आत की बाहेर. वाद झाला तर खूण बघायची. मातीवर चेंडू पडला की लांबट ठसा उमटतो. त्या ठशाची कड रेषेला जरा जरी शिवली, तरी चेंडू आत. ठसा बघून निकाल दिला की तो बुटाने पुसून टाकतात, म्हणजे पुढच्या वेळी घोटाळा नको. पुसला की विषय संपला. परत कोणी बघू शकत नाही. खेळ सगळा विश्वासावर चालतो तो असा.

दिवेआगरला एका बागायतदाराने समुद्राकाठी आपल्या सुपारीच्या वाडीला लागून दोन लाल कोर्टं केली होती. मे महिन्यात तिथे मुलींचं शिबिर असायचं. त्या वर्षी पुण्याच्या एका अकादमीच्या मॅडम आल्या होत्या. शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्या आमच्या किनाऱ्यावरची एक मुलगी निवडणार होत्या. एकच. राहणं, शाळा, खेळ — सगळं पुण्याला, अकादमीच्या खर्चाने. अक्षता तेव्हा तेरा वर्षांची होती. तिची आई पहाटेच्या एसटीने आली होती, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन. पोरीची निवड होणार हे ती धरूनच चालली होती. मीच तसं सांगून ठेवलं होतं.

सकाळ चांगली गेली. भरती ओसरल्यावर ओल्या वाळूत धावणं, मग घावणे-चटणी, मग कोर्टावर सर्व्हिस, नेटजवळचे फटके, पायांचे व्यायाम. मॅडम एका मुलीजवळ उभ्या राहत, दोन शब्द बोलत, पुढे जात. अक्षताजवळ त्या थांबल्या आणि हलल्याच नाहीत. मी पलीकडच्या कोर्टावर बारक्या मुलींना चेंडू टाकत होतो आणि सगळं लक्ष तिकडे होतं. छाती फुगली होती माझी. हे खरं आहे, तेही लिहून ठेवतो.

जेवताना मॅडम माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, मुलगी फार वरची आहे, इतक्या वर्षांत अशी पाहिली नाही. मी म्हटलं, माझ्याकडेच शिकली, पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, “हो, ग्रिपवरून कळतं. ती बदलावी लागेल. पण तुम्ही काळजी करू नका सर, आता इथून पुढे आम्ही बघू.”

त्या चांगल्या मनाने बोलल्या. मला मात्र ते लागलं. इथून पुढे आम्ही बघू. म्हणजे मी काय होतो? तिला पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला ठेवलेला? आणि मग जून महिन्यात शाळेच्या त्या कोर्टावर कोण येणार होतं — आळसावलेली, आईबापांनी ढकललेली चार पोरं? पेपरात तिचा फोटो आला असता आणि खाली पुण्याच्या अकादमीचं नाव. ‘अक्षताचे सर’ म्हणून दुसऱ्याच कोणाला तरी लोकांनी ओळखलं असतं. हा सगळा विचार मी भात कालवता कालवता करत होतो. कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, ऊन लागलंय.

दुपारी कोर्टावर पाणी मारलं, रोलर फिरवला, चुन्याच्या रेषा नव्याने आखल्या. हे मुद्दाम सांगतोय. ओलसर मातीवर ठसा स्पष्ट उमटतो. ‘नीट दिसलं नाही’ असं म्हणायची सोय मला नाही.

शेवटचा सामना अक्षता आणि पनवेलची रिया यांचा. जिंकेल ती पुण्याला जाणार, असं मॅडमनी सांगून टाकलं होतं. रियाही चांगली होती, दमदार. पण अक्षता पुढे होती. मॅच पॉइंट आला — हा एक गुण घेतला की सामना तिचा. वारा समुद्राकडून सुटला होता. रियाने चेंडू खोल मारला, अक्षता आधीच तिथे पोचलेली. तिने बॅकहँड घेतला, कडेच्या रेषेलगत सरळ. रिया हललीसुद्धा नाही. मग तिने बोट वर केलं — आऊट.

अक्षता म्हणाली, “आत हाय. चुना उडाला.”

सामन्याला सबंध वाडी गोळा झालेली, रियाचे वडील खुर्चीत, अक्षताची आई तारेच्या कुंपणाला टेकून. मॅडम नारळाच्या सावलीत, कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला. मी रियाच्या बाजूला, त्या रेषेच्या सगळ्यात जवळ. मॅडम लांबूनच म्हणाल्या, सर, बघा जरा.

मी गेलो. वाकलो.

इथे मी बऱ्याच वेळा थांबलोय. मनातल्या मनात, अंघोळ करताना, शाळेत प्रार्थना चालू असताना. वाकलेला मी, आणि समोर तो ठसा. काय झालं मला त्या वेळी? मोह म्हणू? मोहाला एवढा वेळ लागत नाही. मी चांगला गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिलो होतो. ठशाची कड रेषेत घुसलेली. चुना फाकलेला. शाळेतल्या बारक्या पोरानेही ‘आत’ म्हणून सांगितलं असतं. मी मान वर केली, तर अक्षता माझ्याकडे बघत होती — काळजीने नाही. ती हसत होती. सर बघतायत म्हटल्यावर तिच्या लेखी निकाल लागलेलाच होता.

मी म्हटलं, “आऊट.” आणि ठसा बुटाने पुसला.

चेंडू जवळच पडला होता. त्याच्या एका अंगाला चुना लागला होता. तो मी उचलला, खिशात घातला आणि खिशातल्या खिशात अंगठ्याने पुसत राहिलो. हे मात्र मी विचार करून केलं नाही. हाताला बरोबर ठाऊक होतं.

अक्षता दोन पावलं पुढे आली. “सर, चुना उडाला ना?” एवढंच. मी म्हटलं, खेळ. माझा आवाज अगदी सरळ होता. त्यानंतर तिने तो गेम घालवला, मग सेट, मग सामना. बॅकहँडला हात उचलायचा आणि मध्येच थांबायचा. पुण्याला रिया गेली.

आणि मग लोक माझ्याकडे आले. हा भाग ठसा पुसण्यापेक्षा वाईट. रियाच्या वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, स्वतःच्या विद्यार्थिनीविरुद्ध निकाल देणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. मॅडमनी सगळ्या मुलींना गोळा करून सांगितलं, खेळाडूने असं असावं, सरांकडे बघा. टाळ्या झाल्या! बागायतदाराने नारळ दिला. मी तो घेतला, मान खाली घालून. लोकांना वाटलं, विनय.

अक्षताची आई शेवटी आली. पोरीला दंडाला धरून आणलं होतं. म्हणाली, “सर, तुमी सांगताव म्हंजी बॉल भायरच असंल. आमाला काय त्यातलं कळत न्हाय. हिनं उलट बोलायचं न्हाय व्हतं तुमाला.” आणि पोरीला म्हणाली, “माग सरांची माफी.”

तिने मागितली. तेरा वर्षांची पोर, डोळे लाल, खाली बघत म्हणाली, सॉरी सर. मी म्हटलं, असू दे. तिच्या डोक्यावरून हातही फिरवला.

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? आईला बाजूला घेऊन, नाहीतर मॅडमना रात्री फोन करून. नाही सांगितलं. उलट जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी पुढचं पाऊल टाकलं. अक्षताने मला विचारलं, सर, तो फटका बाहेर कसा गेला? मला तर बरोबर लागला वाटला. आता काय सांगणार? लागला बरोबर, असं? मग मी तिची चूक शोधून दिली. खांदा लवकर उघडतो म्हणालो. रेषेवर डोळा ठेवू नकोस, चांगला हातभर आत मार, सुरक्षित मार. रोज संध्याकाळी रेषेच्या आत चुन्याचा दुसरा पट्टा आखून मी तिच्याकडून ते घोटून घेतलं. एक बरोबर फटका मी वर्षभर दुरुस्त करत होतो. का? तर माझं ‘आऊट’ खरं ठरावं म्हणून.

पोर गुणी. सांगितलं ते शिकली. पुढच्या मे महिन्यात परत दिवेआगरला नेली, तर मॅडमनी तासभर बघितलं आणि मला विचारलं, मागच्या वर्षीची हिंमत कुठे गेली हिची? मी म्हटलं, या वयात होतं असं मुलींचं. त्यांनी मान डोलवली. परत कधी तिचं नाव काढलं नाही.

पुढे वादळ आलं. दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या. आठवड्याने मी मदतीला गेलो तेव्हा ती दोन्ही कोर्टं सुपारीच्या खोडांखाली गाडली गेली होती. बागायतदार तिथे बसून रडत होता. त्याच्या शेजारी उभं राहून मला — बरं वाटलं. हो, बरं वाटलं. जणू तिथे अजून काही दिसणार होतं!

अक्षता गेली नाही कुठे. बारावी झाली, बी.ए. बाहेरून केलं, आता माझ्याच कोर्टावर माझ्याबरोबर मुलांना शिकवते. मला ती सोडून जायला नको होती, ती राहिली. माझ्या मनासारखं झालं. ती कामाला चोख आहे, पोरांना तिचा लळा आहे. कोणी पोरगं जोरात, रेषेवर मारायला गेलं की ती ओरडते, अरे, आत मार, हातभर आत! ते ऐकलं की मी पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने वर्गाकडे जातो.

गेल्या महिन्यात एक नवीन पालक आले होते, बदली होऊन आलेले. मुलगी चुणचुणीत आहे त्यांची. त्यांनी अक्षताला सहज विचारलं, तुम्ही एवढं छान खेळता, मग पुढे का नाही गेलात? मी तिथेच होतो, दोन हातांच्या अंतरावर, टोपलीत चेंडू भरत.

ती हसली. म्हणाली, “माझ्यात तेवढं नव्हतं हो. सरांनी वेळीच खरं काय ते दाखवलं, म्हणून बरं. नाहीतर उगाच आशेवर राहिले असते.”

पालकांनी माझ्याकडे आदराने बघितलं. अक्षतानेही बघितलं.

मी चेंडू भरत राहिलो.