चंचलच्या कवितेला दिलेलं शून्य

हिलालभाऊंची चंचल मला पहिल्यापासून आवडत नाही. ही वही मी देवासमोर बसून लिहिते, म्हणजे खोटं लिहायचा प्रश्न नाही. चंचल इथं गुजरातेत, कोसाडच्या कॉलनीत जन्मली, मराठी शाळेत शिकली, बाप कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर. वाण्याशी गुजरातीत भांडते, रिक्षावाल्याशी हिंदीत, आईशी अहिराणीत. आठवीत असताना आमच्या भजनी मंडळात येऊन म्हणाली होती, "काकू, तुम्ही सगळ्या एकाच चालीत रडता." तिची आई, सरलाबाई, तिथंच टाळ घेऊन बसलेली. बिचारीनं मान खाली घातली.

आता पोरगी बावीसची आहे, एम.ए. करते. संशोधन निबंधाला बाकीच्या मुलींनी ओव्या घेतल्या, जात्यावरची गाणी घेतली. हिनं घेतलं स्लॅम पोएट्री. मी विचारलं नव्हतं तरी जिन्यात अडवून सांगितलं. "उभं राहून आपली कविता म्हणायची, तीन मिनिटं. पेटी नाही, तबला नाही. समोर बसलेल्यातलेच कुणीही पाच जण दहापैकी मार्क देतात."

"कुणीही?"

"हा ने! ज्यांना कवितेतलं कळत नाही असेच पाहिजेत."

"मग आमच्या मंडळातच ये की."

मी टोमणा मारला होता. तिनं तो आमंत्रण म्हणून घेतला. तिला गरज होतीच. तिचे योगेंद्र सर म्हणाले होते, हे बाहेरचं फॅड आहे, आपल्या माणसांत चालतं का ते दाखव, नाही तर गुरुवारपर्यंत विषय बदल.

रविवारी चार वाजता आमच्या सोसायटीच्या देवळाच्या हॉलमध्ये स्पर्धा ठेवली. कॉलेजची सहा पोरं कविता म्हणणार, सर येणार. चिठ्ठ्या टाकून पाच जणी निवडल्या, त्यात माझं नाव निघालं. आकडा लिहायला साडीच्या खोक्याचे पुठ्ठे कापून दिले होते. पहिल्या पाच पोरांना मी सहा-सात देत गेले. कळलं थोडं, ओरडणं जास्त. मग चंचल उभी राहिली.

"माझी आई साडीला खडे लावते,
एका साडीला चारशे.
चारशे डोळे दिले तिनं परक्या साडीला
आणि स्वतःचे दोन
गोंदाच्या ट्यूबबरोबर संपवले.
मंडळात सांगते, पोथी वाचून चष्मा लागला.
आई, पोथी तर मी वाचून दाखवते,
तुला अक्षर दिसत नाही!
माझ्या फीच्या पावतीवर
तुझ्या नजरेचा शिक्का आहे."

टाळ्या पडल्या. सरलाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. घरी बसून साडीला खडे चिकटवायचं काम त्या करतात, हे आम्हाला माहीत होतं. पण समोर पोथी उघडी ठेवून त्या सगळं पाठ म्हणतात, अक्षर दिसत नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेजारची ज्योती वळून त्यांच्या चष्म्याकडे बघायला लागली. सरलाबाईंनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

मी पुठ्ठ्यावर शून्य लिहिलं. मोठं.

बाकीच्यांचे नऊ, नऊ, आठ, दहा. आकडे मोजणारा शुभम म्हणाला, "सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा कट. उरलेल्या तिघांची बेरीज सव्वीस. चंचल पहिली!"

"कट म्हणजे?" मी विचारलं.

"नियम आहे काकू. कुणी रागानं दिलं तर धरत नाहीत."

"मग मला बसवलंत कशाला? हळदीकुंकवाला?"

हॉलभर हसले सगळे. मी हसले नाही. सर मात्र पुढे आले आणि चंचलला म्हणाले, "सव्वीस कुठल्याही गॅदरिंगमध्ये मिळतील. यांनी शून्य का दिलं ते यांच्या शब्दांत निबंधात आण. ते आलं तर विषय मंजूर."

सोमवारी मी जप करत असताना बेल वाजली. दारात वही-पेन घेऊन चंचल.

"काकू, दोनच वाक्यं बोला. प्लीज."

"आईला विचारलं होतंस का, हे म्हणू का म्हणून?"

"कविता विचारून लिहीत नसतात."

"मग शून्याचं कारणही विचारून मिळत नसतं."

"म्हणजे तुमच्यामुळे माझा विषय जाणार!"

"ओव्या घे. बाकीच्यांनी घेतल्या तशा."

"तुम्हाला तेच पाहिजे होतं ने पहिल्यापासून!" दाणदाण जिना उतरून गेली. मीही दार आपटलं. जपात मन लागलं नाही, माळ अर्ध्यावर ठेवून उठले.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा आली. डोळे सुजलेले, हातात कवितेचा कागद. शेवटच्या दोन ओळींवर लाल पेनची वेडीवाकडी रेघ.

"आईला विचारलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकी सगळं राहू दे म्हणाली. पोथीचंसुद्धा. हे खोडलं, स्वतः."

"का?"

"म्हणे, 'खडा तुन्या फीसाठे नही लाया. माले रिकामं बठाले आवडत नही. फी तर तुना बापनी भरी.'" तिनं कागद माझ्यापुढे धरला. "काकू, तीच ओळ होती माझी! टाळ्या त्याच ओळीला पडल्या."

"खोटी होती."

"मला खरी वाटत होती."

सरलाबाईंना मी पंधरा वर्षं ओळखते, आणि मलाही वाटायचं की पोरीसाठीच झिजतायत. ते मी बोलले नाही. चंचलची समजूत काढायला मी बसले नव्हते.

"पेन काढ," मी म्हटलं. "लिही. आईच्या डोळ्यांवर हिनं टाळ्या घेतल्या आणि आईला मान वर करता आली नाही, म्हणून मी शून्य दिलं. कविता वाईट होती म्हणून नाही."

ती उभ्यानं, भिंतीला वही टेकवून लिहीत होती. "शेवटचं वाक्य पण लिहू?"

"बोलले ना. लिही."

लिहून झाल्यावर खाली सहीसाठी जागा सोडून तिनं वही पुढे केली. मी पूर्ण नाव लिहून सही केली. बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. तीही थांबली नाही.