अंबिलीच्या माठाला माझं स्वेटर

मंडळी, आज सकाळी मोबाईलवर हवामानाचा अंदाज वाचला आणि हौसेनं मोठ्यानं सांगितलं, "आई, आजपासून आठवडाभर लातुरात कडाक्याची थंडी हाय!"

येळवस, म्हणजे रानात जाऊन जेवायची वेळा अमावास्या, परवावर आलीय. मागच्या साली दुष्काळानं रानात जेवायला जावं असं काही उरलंच नव्हतं. यंदा मात्र ज्वारी डोक्याएवढी झालीय, म्हणून आई लई खुशीत.

अंदाज ऐकताच ती उठली, माझं नवंकोरं स्वेटर काढलं अन् अंबिलीच्या माठाला गुंडाळलं. गारठ्यात येळवशीची ताक अन् ज्वारीच्या पिठाची अंबील आंबत न्हाई म्हणे.

"अन् मी काय घालू?"

"तुला गार वाजलं तर तू बोलशील. अंबील कुणाला सांगल?"

ऑफिसात कुडकुडत हे लिहितोय आणि एकटाच हसतोय. तुमच्या घरची अंबील यंदा कुणाचं काय घालून बसलीय?