खुणेपर्यंत पाणी

चिवट म्हणूनच घेतलं होतं ते दगडी प्रवाळ. "अंकल, यह जल्दी मरता नहीं," असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, आणि नववीतल्या माझ्या लेकीने तो बोटाएवढा हिरवा तुकडा घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतल्या दगडाला स्वतः चिकटवला. बारावी होऊन ती कॅनडाला शिकायला गेली तोवर त्याची बशीएवढी चकती झाली होती. बायको सासूबाईंच्या आजारपणासाठी चिपळूणला अडकलेली. इथे आखातात, महबूल्याच्या फ्लॅटमध्ये उरलो मी, एसीची घरघर आणि ती टाकी.

लेकीचं माझ्याशी बोलणं बेताचंच. मी मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार, दोन वाक्यांत विषय संपला. पण दर शुक्रवारी फोन ठेवण्याआधी एक प्रश्न ठरलेला असायचा, "बाबा, स्टिल अलाइव्ह?" मग मी प्रवाळाबद्दल जो सुटायचो तो पंधरा मिनिटं थांबायचो नाही. तीही ऐकून घ्यायची. आमच्यात बोलण्यासारखं तेवढंच शिल्लक होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात महिनाभर चिपळूणला गेलो. किल्ली शेजारच्या चाचांकडे दिली. रत्नागिरीकडचे, खालच्या बकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, गल्ल्यावर बसणारे, देवमाणूस. "पाणी उडून कमी होतं चाचा, रोज या खुणेपर्यंत भरा," एवढं बोललो, टाकीशेजारी फिल्टरच्या पाण्याचे कॅन मांडले आणि विमानतळ गाठला.

परत आलो तर कॅनची झाकणंही उघडलेली नव्हती. चकती पांढरीफटक पडली होती.

"दर्याचा जीव हाय तो," चाचा म्हणाले. "त्याला गोडा पानी घालून मारू काय?" भर उन्हात ते रोज किनाऱ्यावर जाऊन समुद्राचं पाणी भरून आणत होते. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि त्यात रोज नवं मीठ पडत गेलं. त्यांची काय चूक? मी इस्पितळाच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्तातलं सोडियम मोजतो, आणि मला 'गोडंच पाणी घाला' हे एक वाक्य सांगायचं सुचलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. चाचांना मात्र म्हटलं, "म्हातारंच झालं होतं ते," आणि चहा टाकला.

शुक्रवारी लेकीने विचारलं. "आहे की," म्हणालो. तिने फोटो मागितला. मी जुना एक शोधून पाठवून दिला, आणि मग लक्षात आलं की टाकीच्या काचेत ती स्वतःच दिसत होती, शाळेच्या गणवेशात, मोबाइल धरून. आता पकडला जाणार म्हणून बसून राहिलो. खरं सांगायचं तर, तिने पकडावंच असं वाटत होतं.

"नाइस, बाबा," असं उत्तर आलं. तिने फोटो नीट पाहिलाच नव्हता. टाकीतला दिवा मी अजून रोज लावतो, आणि शुक्रवारी तिने विचारलं की आहे म्हणतो.