लॉग शीटची मागची बाजू

"मॅडम, ही सगळी रीडिंग एकाच बैठकीत लिहिली आहेत ना?" ऑडिटरने विचारलं.

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी सुपरवायझर होते. टेबलापलीकडे ऑडिटर, अलीकडे मी, शेजारी आमचे मालक बोरस्ते शेठ. समोर मागच्या आठवड्यातल्या एका लॉटची प्री-कूलिंगची फाईल. संशय रास्त होता. बारा ते साडेसहा, चौदा रीडिंग, एकच पेन, कुठे खाडाखोड नाही. आमच्या धंद्यात ही लबाडी जुनी आहे. दिवसभर फिरकायचं नाही आणि शेवटी बसून सगळे रकाने भरायचे.

आधी प्री-कूलिंग म्हणजे काय ते सांगते. सकाळी बागेतून काढलेला माल पेट्यांत भरला की लगेच थंड खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, ठेवतात. मण्याच्या आतलं तापमान शून्याजवळ यायला सहा-सात तास लागतात. तोवर दर अर्ध्या तासाने आत जायचं, मण्यात थर्मामीटरची सुई खुपसायची, बाहेर येऊन आकडा लॉग शीटवर लिहायचा आणि पुढच्या अर्ध्या तासाची वाट बघायची.

ही वाट बघणं हेच माझं भाग्य होतं. माझी कादंबरी अर्धी झाली होती. पुण्याच्या एका प्रकाशकाने सुरुवातीची प्रकरणं वाचून कळवलं होतं, पूर्ण करून पाठवा, मग ठरवू. पूर्ण कधी करणार? पहाटे उठून डबे, सासूबाईंची औषधं, नाशिकहून एसटीत उभ्याने प्रवास. परत आल्यावर स्वयंपाक, मुलींचा अभ्यास. वही उघडली की डोळे मिटायचे.

पण पॅकहाऊसमध्ये वही नेता येत नाही. बांगड्या नाहीत, मोबाईल नाही, कोटाला खिसासुद्धा नसतो. चुकून काही पेटीत पडू नये म्हणून. हातात फक्त क्लिपबोर्ड, त्याला दोरीने बांधलेलं पेन आणि प्रत्येक चेंबरची एक लॉग शीट. एका दुपारी एक वाक्य सुचलं, विसरायला नको म्हणून शीटच्या मागे लिहिलं. मग सवयच लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूची झेरॉक्स स्वतःसाठी काढून मूळ कागद फाईलला लावायचे. फाईलमधला कागद उलटून कोण बघतंय, असं मला वाटायचं.

आता गप्प बसले तर रीडिंग खोटी ठरणार होती. कागद उलटला तर ड्युटीवर मी काय करते ते शेठसमोर येणार होतं आणि माझे अर्धे तास कायमचे जाणार होते. ते गेले की कादंबरी गेली. मी शेठकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं. मी कागद उलटा केला.

मागे बारीक अक्षरात माझ्या नायिकेचं ठरलेलं लग्न मोडत होतं. आणि समासात वेळा होत्या. रीडिंगसाठी वाक्य अर्धवट टाकून उठावं लागलं की मी तिथे वेळ लिहायची, परत आल्यावर जागा सापडावी म्हणून. दीड. दोन. अडीच. 'तिने दार उघडलं आणि' इथे साडेतीन वाजले होते. त्याच्या पुढची ओळ मी सुई पुसून, हात चोळत लिहिली होती, ते मला अजून आठवतं.

ऑडिटरने पान शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "याच्या पुढचं कुठे आहे?"

"दोन नंबर चेंबरच्या शीटमागे."

त्याने तीही फाईल मागवली. खोटे आकडे भरायला बसलेला माणूस मध्येच कादंबरी तोडत बसणार नाही, हे त्याला पटलं असावं. रीडिंग मान्य केली. पण रेकॉर्डची मागची बाजू कोरी हवी, असा शेरा मारला आणि करेक्टिव्ह ॲक्शन मागितली. म्हणजे ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते लेखी कळवायचं.

तो गेल्यावर मी शेठना म्हटलं, पुन्हा असं होणार नाही. ते फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते.

"व्हणार नाय कसं? लिहायचं थांबवू नका, मॅडम. आपल्याकडं लिहिणारं दुसरं हाय कोण?"

त्यांनी फॉर्मवर लिहिलं: सुपरवायझरला कोऱ्या कागदांचा स्वतंत्र पॅड देण्यात आला आहे. तो क्लिपबोर्डला बांधलेला राहील.

पुढच्या सीझनला त्या पॅडवर कादंबरी पूर्ण झाली. पुण्याच्या प्रकाशकाने परत पाठवली, दुसऱ्यानेही. तिसऱ्याने छापली. शेठनी एक प्रत ऑडिटच्या कपाटात, फाईलींच्या रांगेत ठेवली.

आता मी निवृत्त आहे. मुली आपापल्या घरी, सासूबाई राहिल्या नाहीत. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी चांगलं टेबल आहे आणि सबंध दिवस माझा आहे. अर्धा तास लिहिते, मग पेन अडतं. ते दिवस फार आठवतात. उठते, स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडते. आत दूध, कोथिंबीर, कालची आमटी. थोडा वेळ गार हवेत उभी राहते, दार लावते आणि परत येऊन समासात वेळ टाकते. मग पुढचं वाक्य येतं.

निवृत्त झाल्यावर निवांत लिहीन, असं कुणी म्हटलं की मी एवढंच विचारते, मधेच उठायला काही काम ठेवलंय का?