थिअरीबाईंचा पेशंट

माझी बायको नर्सिंग कॉलेजात शिकवते. पोरी तिला मागून थिअरीबाई म्हणतात, आणि तिला ते माहीत आहे. तिला सगळंच माहीत असतं, हीच आमच्या घरातली मुख्य अडचण.

मी सलूनवाला. कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं दुकान. माझा वस्तरा असा चालायचा की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलकी काढायचं. हे काम बोलून येत नाही, करून येतं, त्यामुळे थिअरी या शब्दाचं मला पहिल्यापासून वावडं. संध्याकाळी स्वयंपाक करता करता ती उद्याचं लेक्चर मोठ्यानं म्हणायची आणि मी कांदा चिरत खोड काढायचो. एक थिअरी म्हणे, आधी पेशंटची खोली बघा. हवा, उजेड, स्वच्छता, शांतता ठीक करा, निम्मं काम शरीर स्वतः करतं. मी म्हणायचो, हे माझी आईपण सांगायची, तिला कुणी पगार दिला नाही. दुसरी सांगायची, नर्सनं पेशंटला आधी माणूस म्हणून ओळखावं. मी विचारायचो, आपली ओळख झाली का गं अजून? ती हसायची नाही.

तिसरी तिच्या खास लाडाची. माणूस आपलं आपण जेवतो, आंघोळ करतो, कपडे घालतो. आजारपणात त्यातलं जे जमेनासं होतं, तेवढंच नर्सनं भरून काढायचं. तूट असेल तेवढी मदत, कमी नाही आणि जास्तही नाही.

"जास्त दिली तर काय बिघडलं?"

"माणूस बिघडतो."

"आणि वॉर्डातल्या धावपळीत पोरींना हे आठवतं होय?"

"चष्मा तुम्ही आठवता का? घातला की दिसतं," ती म्हणाली आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली, कारण कांदा जाड चिरला जात होता.

मग एक दिवस दुकानात, गिऱ्हाइकाच्या मानेवर फिरणारं मशीन माझ्या हातातून गळून पडलं. लकव्याचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ तेवढी वाचली. माझी थोरली बहीण म्हणते, वाचायला हवं होतं ते गेलं आणि नको ते राहिलं.

हॉस्पिटलात बायकोनं माझं सगळं केलं. तोंड धुणं, कूस बदलणं, भरवणं, आणि जे सांगायला लाज वाटते तेही. कपाळावर आठी नाही. मी मनात म्हटलं, चला, थिअरी गेली उडत, बायको ती बायको.

घरी आलो तर माझी खाट पुढच्या खोलीत, खिडकीला लावून ठेवलेली. हवा आणि उजेड, दुसरं काय! पण त्या खिडकीतून रस्त्यावरून जाणारी सगळी डोकी दिसायची. वाढलेली, वेडीवाकडी कापलेली, कानामागे सोडून दिलेली. दिवसभर माझा नुसता जीव खालीवर व्हायचा.

उजवी बोटं थोडी हलायला लागली आणि एका सकाळी तिनं शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. "आधी लुळा हात बाहीत घाला. मी कॉलर धरते."

"आणि बटणं?"

"बटणं तुमची."

बटणांनी माझ्या नाकी नऊ आणले. जेवायला चमचा मिळाला तो उजव्या हातात, आणि तोंडात कमी, छातीवर जास्त सांडलं. ताई आमच्या मदतीला येऊन राहिली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं माझ्या हातातला चमचाच ओढून घेतला.

"वन्सं, चमचा त्यांना द्या," बायको म्हणाली.

"लोकांच्या पोरींना सेवा शिकवतेस आणि घरात मात्र कोरडा पाषाण! नवरा आहे तो तुझा, परीक्षेचा प्रश्न नाही."

"तुम्ही भरवलंत तर पोट भरेल, वन्सं. हात उपाशी राहील."

ताईनं चमचा ताटात आपटला. मी ताईच्याच बाजूचा होतो, उगाच खोटं कशाला बोलू? मला भरवून घ्यायचं होतं. कारण मनात एकच भीती होती: हा हात आता वस्तरा धरणार नाही. दुकान चुलतभाऊ सांभाळत होता. तो माझी दाढी करायला आला, तेव्हा मी त्याला परत पाठवला. माझ्या गालावर दुसऱ्याचा वस्तरा फिरला की माझा धंदा संपला, असं मी धरून बसलो होतो. दाढी वाढत गेली. आरशात बघायचं मी सोडून दिलं.

त्याच दिवसांत दुपारी मोरीचं दार लावून बायको आत काहीतरी करायची आणि मधूनच फट् असा आवाज यायचा. "राग काढतेय कशावर तरी," ताई म्हणायची. तो आमच्यावरचाच असणार, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

एका रविवारी तिनं माझ्यासमोर आरसा मांडला. गरम पाणी, ब्रश, आणि प्लॅस्टिकचा रेझर. प्लॅस्टिकचा! माझ्या दुकानाच्या पायरीवरसुद्धा मी तो ठेवू दिला नसता.

"हे माझ्या गालाला लावू नकोस."

"मी कुठे लावतेय? कातडी मी ताणून धरते. चालवायचं तुम्ही."

"हात थरथरतो माझा."

"दिसतंय मला. म्हणून तर प्लॅस्टिकचा."

फेस लावताना निम्मा कानात गेला. मग तिनं अंगठ्यानं माझा गाल ताणला आणि मी रेझर टेकवला. बोटांना कळेना. पण मनगटाला आठवलं. केसांची दिशा, कल, किती दाबायचं ते सगळं मनगटात शाबूत होतं. एक पट्टा साफ निघाला. मग दुसरा. हनुवटीवर कापलं, तेव्हा ताई दारातून धावत आली. बायकोनं तिला नजरेनंच थांबवलं आणि तुरटी माझ्या हातात दिली.

अर्धा चेहरा ओळखीचा झाला तेव्हा मला बोलण्याचा धीर आला. "आणि हात आलाच नसता तर? मग तुझी थिअरी काय करणार होती?"

ती उठली. मोरीतून एक जुना डबा आणून तिनं तो माझ्यासमोर उघडला. आत माझा वस्तरा, दुकानातला, धार लावलेला. आणि फुटलेल्या फुग्यांच्या चिंध्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, साबण वाळलेल्या. आमच्या धंद्यात नवखा माणूस असाच शिकतो, फुगवलेल्या फुग्याला फेस लावून त्यावर वस्तरा चालवत. जोर झाला की फट्.

"प्लॅस्टिकचा तुम्ही जन्मभर लावून घेतला नसता," ती म्हणाली. "तुमच्या चुलतभावाकडून शिकून घेतलं. जे तुम्हाला जमलं नसतं ते रोज मी केलं असतं. तेही त्याच थिअरीत आहे, तुम्ही कांदा चिरत नीट ऐकलं नव्हतं."

"फुगे फुटायचे थांबले का?"

"शेवटचा नाही फुटला."

मला समोरचा आरसा दिसेना. फेस, पाणी, सगळं गालावरून एकत्र ओघळायला लागलं. ताईनं पदर पुढे केला, पण तिच्या आधी बायकोनं टॉवेल उचलला आणि माझ्या उजव्या हातात दिला.

"डोळे तुमचे तुम्ही पुसा. तेवढं येतं आता तुम्हाला."