डब्यात मावेल एवढी ज्वारी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या थोरल्या वहिनीचे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि वहिनीला घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तेव्हापासून ती मला ‘भावजी’ म्हणते. माझं नाक पुसतानाही म्हणायची, “भावजी, जरा हिकडं बघा.” रागावली की मात्र सरळ ‘तू’ वर येते.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. गावातली शाळा सातवीला संपली आणि पुढच्या शिक्षणासाठी मी अहमदपुरात खोली करून राहिलो. जेवणाचा डबा सकाळच्या एसटीने यायचा. ड्रायव्हरच्या मागे वीस-पंचवीस डबे रचलेले असत, प्रत्येकाच्या घरच्या फडक्यात बांधलेले. आमचं फडकं वहिनीच्या जुन्या लुगड्याचं, हिरव्या काठाचं. वहिनी चौथी शिकलेली. कधी भाकरीखाली तिची चिठ्ठी असायची. ‘तिखट जास्त झालंय, पाणी प्या.’ संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जायचा, त्यात मी लिहायचो, ‘तिखट बरोबर होतं.’ दोन तांबे पाणी प्यालो होतो, हे लिहीत नव्हतो. तिला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलायची सवय मला तिथेच लागली असावी.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. शिक्षकाची नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्राकाठच्या एका गावात. त्याला आता सात वर्षं झाली. मी, बायको आणि मुलगी खाडीजवळच्या एका कौलारू घराच्या अर्ध्या भागात राहतो. उरलेल्या अर्ध्यात घरमालकीण राहते. ती सत्तरीची आहे, आम्ही तिला काकी म्हणतो.

पहिल्या उन्हाळ्यात वहिनीने ज्वारीचं पोतं पाठवलं. दादाने ते लातूरहून ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकलं होतं. पोतं सोडल्याबरोबर घरभर आमच्या खळ्याचा वास पसरला. बायको हसली, म्हणाली, “आता कुठं घरासारखं वाटतंय.” मी कडुलिंबाचा पाला आणून पोत्यात घातला आणि पोतं मागच्या खोलीत भिंतीला टेकवून उभं केलं. काकी दारातून बघत होती.

“मास्तरानू, माळ्यार ठेवा. चुलीच्या वर. धूर लागाक व्हयो.”

“काकी, आमच्याकडे असंच ठेवतात. दोन-दोन वर्षं काही होत नाही.”

मी हे जरा ऐटीतच म्हणालो. धान्य कसं ठेवायचं हे शेतकऱ्याच्या पोराला समुद्राकाठच्या माणसाने शिकवावं, हे मला पटलं नव्हतं.

मग पाऊस लागला. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथे तो मुक्कामाला येतो. काकीच्या पुतण्याने होडी ओढून वर घेतली आणि नारळाच्या विणलेल्या झापांनी झाकली. आषाढात समुद्राचा आवाज घरातल्या भांड्यांना ऐकू यावा इतका वाढला. मिठाला पाणी सुटलं, वह्यांची पानं मऊ पडली, मुलीचे कपडे चुलीवर धरून वाळवावे लागले. श्रावणात एक दिवस बायकोने पोत्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. खाली भिंतीकडून ओल चढली होती. ज्वारीचे हिरवट-काळे गड्डे झाले होते.

काकी हसली नाही. नुसतं म्हणाली, “ह्या पावसात दगडाकय बुरशी येता, तुमची ज्वारी ती काय! घाला कोंबड्यांका.”

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. “भावजी, ज्वारी बरी हाय का? किडा तर लागला न्हाई ना?”

मी म्हणालो, “न्हाई वैनी. संपत आली बघ.”

“येवढ्यात? लई खाऊन राहिले की तुमी!” ती इतकी खूश झाली की खरं सांगायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी पत्र्याची कोठी आणली, माळ्यावरही ठेवून पाहिली. थोडी जास्त टिकली, पण श्रावण काही तिने पाहिला नाही. आम्ही ज्येष्ठापर्यंत भाकरी खायचो, नंतर काकीसारखा भात. आणि दर श्रावणात मी फोनवर तेच सांगायचो, संपली.

इथले ऋतू हळूहळू अंगवळणी पडले. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, भादव्यात भात पोटरीला येतं, चैत्रात काकीच्या अंगणात आमसुलं वाळतात आणि माझी मुलगी त्यांची राखण करते. ती इथलीच झाली आहे. मी मात्र दसऱ्यानंतर आकाशाकडे बघतो आणि मनात म्हणतो, आता गावाकडे ज्वारीची पेरणी झाली असेल. पौषात इथे कुळीथ हिरवा असतो आणि मला हुरड्याचा वास येतो. काकीचं घर चांगलं आहे, माणसं मायेची आहेत. तरी काळ्या रानात उभं राहिल्यावर पायाखालची जमीन जशी ओळख देते, तशी वाळू देत नाही.

यंदा वेळ अमावस्येला रजा टाकून गावी गेलो. आमच्याकडे त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला जातं. येळवस म्हणतात. शिवारभर हरभरा होता आणि मध्येच आमच्या रानात चार तासं ज्वारी उभी. फक्त चार ओळी. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, वहिनीने डाळी-भाज्यांची भज्जी वाढली, ताकातल्या आंबिलीचा तांब्या माझ्यापुढे धरला. तिचा गुडघा वाकत नव्हता. ती बसली नाही, उभ्यानेच वाढत होती.

मी दादाला विचारलं, “ही ज्वारी एवढीच का?”

“ज्वारी काढायला मजूर कुठं भेटतंय आता? सगळं हातानं उपटावं लागतंय. मी दोन सालापासून म्हणून राहिलोय, तिथंबी हरभरा टाकू. पर ही ऐकंना.”

वहिनी तिकडून म्हणाली, “भावजी तिथं नुसता भात खाऊन कसं जगतेल?”

“ह्या गुडघ्यानं तूच उपटती का?” मी विचारलं.

“मग काय तुमी येणार? मास्तर झाले, हात मऊ झाले तुमचे.” सगळे हसले. मग ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “एक पोतं तुमाला श्रावणापर्यंतच पुरतंय. औंदा आठ तासं पेरायची होती, ह्यांनी पेरू दिली न्हाईत. फुडल्या साली दोन पोती पाठवते. हाव ना?”

माझ्या तोंडून निघालं, “हाव.”

मुलगी काहीतरी बोलणार होती. बायकोने तिच्या हातात बाजरीचा उंडा दिला.

परत आल्यावर तो होकार, ते ‘हाव’, मनातून जाईना. फाल्गुनात ती पुन्हा रानात वाकणार, आणि पुढच्या दसऱ्याला दुप्पट पेरणार, माझ्या एका शब्दावर. दोनदा फोन लावला. तिचा आवाज ऐकला की मला खोटंच सुचतं. म्हणून कागद घेतला. ट्रॅव्हल्सने आमसुलं पाठवायची होती. माझा शाळेतला डबा मी इथे आणलेला आहे. त्यात आमसुलं भरली, त्यावर चिठ्ठी ठेवली आणि डबा बांधून दिला. चिठ्ठी ही अशी:

‘वहिनीस सप्रेम नमस्कार.

अहमदपूरला असताना मी लिहायचो की तिखट बरोबर होतं. ते जास्त असायचं. तसंच ज्वारीचं झालं आहे. ती श्रावणात संपत नाही, सडते. इथली हवा ओली आहे, पोतं टिकत नाही. सात वर्षं तू हाताला फोड आणून उपटलेली ज्वारी आम्ही अर्धी खाल्ली आणि अर्धी कोंबड्यांना घातली. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, आणि त्यामुळे तुझंच काम वाढत गेलं. चूक माझी आहे.

पहिल्या वर्षी कोंबड्यांनी सांडलेल्या दाण्यांतून नारळाखाली पाच ताटं उगवली होती. मी ती कुणाला उपटू दिली नाहीत. कार्तिकात एकाला कणीस आलं, पण दाणा भरला नाही. शाळेतून आलो की मी तिथे थोडा वेळ उभा राहायचो.

या वर्षीची चार तासं दादाने माणसं लावून काढावीत. तू वाकू नकोस. पुढे तिथे हरभरा टाका. मला फक्त या डब्यात मावेल एवढी ज्वारी दे, आणि ती ट्रॅव्हल्सने पाठवू नकोस. चैत्रात तू स्वतः घेऊन ये. इतक्या पाण्याजवळ झोप लागणार नाही म्हणतेस, पण मला लागते, तुलाही लागेल. काकींनी तुझ्यासाठी चुलीजवळची जागा काढून ठेवली आहे. दोन दिवस पुरेल एवढ्या भाकरी तू इथे कर. बाकीचं वर्ष आम्ही भात खाऊ.

रागावली असशील तर ‘तू’ म्हणून लिही. डबा मात्र रिकामा आणू नकोस.

तुझा भावजी’